डाव्या हाताची नोंद

विमलताई बोरसे अस्थिलेख केंद्रात गेल्या त्या कंबरेसाठी. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक बाईने वर्षातून एकदा हाडं तपासून घ्यायची, अशी योजना सहा महिन्यांपूर्वी सुरू झाली होती, आणि त्यांची लेक हर्षदा असल्या बाबतीत कडक होती. धुळ्याच्या एसटी आगाराची ती व्यवस्थापक. विजेच्या दीडशे गाड्या वेळेवर सोडणारी बाई आईची तपासणी चुकू देईल, हे शक्यच नव्हतं. सन २०४७चा जानेवारी चालू होता. सकाळची कोवळी उन्हं केंद्राच्या काचेतून आत येत होती, आणि बहात्तर वर्षांच्या विमलताई अंगावर शाल पांघरून आपला नंबर यायची वाट पाहत होत्या.

मशीन म्हणजे एक अरुंद बाज आणि तिच्यावरून सरकणारी पांढरी कमान. चार मिनिटांचं काम. कमान डोक्यापासून पायापर्यंत गेली, परत आली आणि डाव्या हातापाशी थांबून राहिली. पडद्यासमोर बसलेल्या रेहाना तडवीने मान वळवली. रेहाना तिशीतली, चोपड्याकडची. मशीन चालवायची आणि गरज पडली तर बायकांशी बोलायची, अशी दोन्ही कामं तिच्याकडे होती.

"आजी, हा डावा हात कधी मोडला होता?"

"फार जुनं आहे ते. शिडीवरून पडले होते."

हे वाक्य विमलताईंच्या तोंडून विचार न करता बाहेर पडलं. शेहेचाळीस वर्षं त्या ते म्हणत आल्या होत्या.

"आणि बरगड्या?"

"तेव्हाच."

रेहानाने पडद्यावर पुन्हा नजर टाकली. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाली, "मशीन म्हणतंय, दोन्हींत दोन वर्षांचं अंतर आहे. बरगड्या अठ्ठ्याण्णव साली. हात दोन हजार साली."

विमलताई उठून बसल्या आणि शाल शोधू लागल्या. शाल त्यांच्या मांडीवरच होती.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं. शरीर जुनं हाड सतत पोखरत असतं आणि त्या जागी नवं भरत असतं. दहाएक वर्षांत सांगाड्याचा बराचसा भाग नव्याने घडतो. म्हणून पूर्वीचे डॉक्टर म्हणायचे की नीट जुळलेल्या हाडाचा मोड काही वर्षांनी शोधूनही सापडत नाही. पण हाडाच्या आत प्रथिनांचे बारीक धागे असतात, दोरखंडाच्या पिळासारखे. मोडलेली जागा शरीर घाईघाईने सांधतं तेव्हा ते धागे वेगळ्याच दिशेने पडतात. पुढे नवं हाड भरणाऱ्या पेशी गवंड्यासारख्या असतात. आधीच्या भिंतीचा ओळंबा पाहूनच त्या पुढचा थर लावतात, आणि तिरपं ते तिरपंच राहतं. अस्थिलेखाचं मशीन ही दिशा वाचायचं. काही कोपऱ्यांत मूळचे धागे तसेच राहून गेलेले असतात. त्यांत काळाबरोबर जे गुंते साठतात, त्यांवरून ते वर्षही सांगायचं, सहा-आठ महिन्यांच्या फरकाने.

आणि आणखी एक गोष्ट ते सांगू शकायचं, जी ते बनवणाऱ्यांनी सुरुवातीला मागितलीही नव्हती. जोर कुठून आला, ते. पडणारा माणूस बहुधा तळहात टेकतो, म्हणून त्याचं हाड मनगटाशी मोडतं. मार अडवणारा माणूस हात डोक्यावर आडवा धरतो. त्याचं मोडतं ते कोपर आणि मनगट यांच्यामधलं, करंगळीच्या बाजूचं.

योजना चालवणाऱ्यांना वाटलं, साक्षीदार नसलेल्या गुन्ह्याला अखेर साक्षीदार मिळाला. त्यांनी नियम केला. असा मोड दिसला की मशीनने कुणाला न विचारता दोन ठिकाणी संदेश पाठवायचा. एक जिल्ह्याच्या सहाय्य कक्षाला, आणि दुसरा त्या बाईच्या कुटुंबाच्या आरोग्यखात्यावर. घरच्यांना कळलं की घरचे तिच्या पाठीशी उभे राहतील, हा हेतू.

विमलताई रिक्षातून घरी पोचल्या तेव्हा हर्षदा दारात उभी होती. भर ड्यूटीतून ती घरी आली, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"आई, हे काय आहे?" तिने फोन पुढे केला.

"मशीन चुकतं कधी कधी."

"आई, मी पन्नास वर्षांची आहे."

विमलताईंनी चपला काढल्या, पाय धुतले आणि त्या आत जाऊन पाणी प्यायल्या. परत आल्या तेव्हाही हर्षदा तशीच उभी होती. बैठकीच्या भिंतीवर तिच्या वडिलांचा फोटो होता. प्रकाश बोरसे, रेल्वेच्या नोकरीत, भुसावळला. हर्षदा चार वर्षांची असताना कामावर अपघातात गेले, असं तिला सांगितलेलं होतं. दर दसऱ्याला ती फोटोला झेंडूचा हार घालायची.

"बाबांनी?" हर्षदाने विचारलं.

विमलताईंनी मान हलवली.

"किती वेळा?"

"हाडं मोडली ती दोनदा."

हर्षदा खुर्चीत बसली. बराच वेळ ती फोटोकडे पाहत होती. मग म्हणाली, "मला त्यांचं फार काही आठवत नाही. एकच आठवतं. मोठा वजनकाटा होता. त्यांनी मला उचलून त्याच्या पारड्यात बसवलं होतं आणि म्हणाले होते, 'ही तर माझ्या पोत्यापेक्षा भारी!' मी खूप हसले होते. असा माणूस..."

"ते बाबा नव्हते गं."

"मग?"

"हिरामण आप्पा. गिरणीवाले. इथे देवपुरात त्यांची पिठाची गिरणी होती. आपण वरच्या खोल्यांत राहायचो, भुसावळहून निघून आल्यावर."

हर्षदाच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. वडिलांची म्हणून तिने जपलेली एवढी एकच गोष्ट होती, आणि तीही आता तिची राहिली नव्हती.

"निघून आल्यावर म्हणजे? ते गेल्यावर ना?"

आता खोटं बोलणं शक्य होतं. पण विमलताईंना एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

"ते तेव्हा गेले नव्हते. एकोणतीस साली वारले. कावीळ झाली होती, असं ऐकलं. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं."

हर्षदाने मनातल्या मनात वर्षं मोजली. मग अगदी सावकाश म्हणाली, "म्हणजे मी अठ्ठावीस वर्षं एका जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला."

"तू विचारायचीस, बाबा कुठे आहेत. चार वर्षांच्या पोरीला काय सांगणार होते मी? आहेत म्हटलं असतं तर तू जाऊ म्हणाली असतीस."

"चार वर्षांची असताना ठीक आहे. चाळीसची झाले तेव्हा?"

हर्षदा उठली. फोटोला तिने हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रजा टाकली आणि "भुसावळला जाऊन येते," एवढं सांगून ती गेली.

अठ्ठेचाळीस तासांच्या आत केंद्रातल्या माणसाने घरी भेट द्यायची, असाही नियम होता. दुपारी रेहाना आली. घरात एकट्या विमलताई. त्यांनी चहा ठेवला, भाजणीची चकली समोर ठेवली आणि म्हणाल्या, "तुझं ते मशीन लेक घेऊन गेलं बघ माझी."

रेहानाने खाली पाहिलं. "मला माफ करा, आजी. तुम्ही बाजेवरून उतरायच्या आत संदेश गेलेला असतो. मला थांबवता येत नाही."

"तू कशाला माफी मागतेस? तू थोडाच नियम केलास?"

"नाही. पण बटण मी दाबते." तिने चहाचा कप नुसता हातात धरून ठेवला. "तुमच्या बाबतीत लेकीला कळलं. नोव्हेंबरमध्ये एक मुलगी आली होती, साक्री रोडकडची. पंचविशीची. हातावर ताजा मोड होता, तीन आठवड्यांचा. संदेश गेला तो नवऱ्याच्या फोनवर, कुटुंबाचं खातं त्याच्याच नावावर म्हणून. तो बाहेरच बसला होता. मी दार उघडलं तेव्हा तो फोन वाचत होता. तिला हसतहसत घेऊन गेला. दोन दिवसांनी मी घरी गेले, तर कुलूप. शेजारी म्हणाले, गावाला गेले. कुठल्या गावाला, कुणाला माहीत नाही." तिने कप खाली ठेवला. "तेव्हापासून तरुण बायका येतच नाहीत. ज्यांच्यासाठी नियम केला त्याच येत नाहीत. वरच्यांना कळवलं, तर ते म्हणतात, आकडे चांगले आहेत."

विमलताई ऐकत होत्या. मग त्यांनी आपला डावा हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यावरून फिरवला.

"माझंही हाड एकाने वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "मशीनशिवाय."

दोन हजार सालची, पावसाळा संपतानाची गोष्ट. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारे नारखेडे म्हणून एक गृहस्थ होते. जाड भिंगाचा चष्मा, बाहीला नेहमी औषधाचे डाग. नवरा दवाखान्यातही सावलीसारखा बरोबर होता, पण एक्स-रेच्या खोलीत दुसऱ्याला यायची परवानगी नसते. तेवढं एकच दार त्याच्यासाठी बंद होतं. नारखेड्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, पाहिली आणि विमलताईंकडे न बघता म्हणाले, "ताई, हे हाड पडून मोडत नाही. मी हे कुणाला सांगणार नाही. तुम्हाला सांगावंसं वाटेल त्या दिवशी या नंबरवर सांगा." आणि फिल्मच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने सहा आकडे लिहिले. पाकीट बाहेर आलं तेव्हा नवऱ्याने फिल्म काढून पाहिली, परत घातली. आत कोण बघतो?

"मग तुम्ही फोन केलात?"

"पाच महिन्यांनी. पाच महिने ते पाकीट फडताळात होतं. रोज बघायचे आणि परत ठेवायचे. त्या पाच महिन्यांत मला कुणी घाई केली असती ना, पोरी, तर मी नाही म्हणाले असते. आणि त्याला कळलं असतं, तर..."

त्या दिवशी एसटीडी बूथमधून फोन लावला तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. पलीकडून एका वयस्क बाईचा आवाज आला. "बोलू नका. मी बोलते. ऐकू येतंय एवढं कळायला एकदा हुं म्हणा." त्या हुं म्हणाल्या. "आत्ता धोक्यात आहात का? असाल तर दोनदा हुं म्हणा." एकदाच म्हणाल्या. कुठून बोलताय, मूल आहे का, मुलगी का, तेही त्या बाईने असंच हुं वरून काढून घेतलं. मग त्या आवाजाने अगदी रोजच्या बाजारहाटाच्या सुरात सगळं सांगितलं. तो कामावर असेल तेव्हाच निघायचं. मुलीचा जन्मदाखला, तुमची औषधं, एक जोड कपडे, याहून जास्त काही घ्यायचं नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर मुलीला डोस पाजायला नेतेय म्हणायचं. साडेदहाची धुळे गाडी. उतरल्यावर कंट्रोलरच्या खिडकीपाशी थांबायचं. माझ्या हातात हिरवी छत्री असेल.

"फेब्रुवारी होता. आभाळ लख्ख कोरडं आणि त्या स्टँडवर एकच बाई हिरवी छत्री उघडून उभी!" विमलताई हसल्या. रेहानाने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "इंदूबाई सैंदाणे. बालवाडीच्या रिटायर शिक्षिका. माझ्या कडेवरून हर्षदाला घेतलं आणि म्हणाल्या, 'चला, खिचडी गार होईल.'"

मग विमलताई बोलतच राहिल्या. देवपुरातल्या त्या गिरणीच्या वरच्या तीन खोल्या. अकरा बायका, सात पोरं. सकाळी नऊला खाली पट्टा सुरू झाला की वरची फरशी बारीक थरथरायची आणि रडणारी पोरं त्या थरथरीने झोपी जायची. बाजरी दळायला आली की वेगळा वास, ज्वारीचा वेगळा, आणि उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या आल्या की वर सगळ्या शिंकत सुटायच्या. खिडकीच्या फळीवर पिठाचा थर बसायचा. त्यात हर्षदा बोटाने अआइई काढायला शिकली. स्वयंपाकावरून भांडणं व्हायची, खरी कडाक्याची. एका साक्रीच्या बाईला कुणाचीच शेवभाजी पसंत पडायची नाही. फोन एका लाकडी खोक्यात कुलूप लावून ठेवलेला असायचा. किल्ली इंदूबाईंच्या कमरेला. मागितली की मिळायची, कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण मागायला उठावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात बाई घरी फोन करावा की नाही याचा आणखी एकदा विचार करायची. पुढे तिथल्या बायकाच आलेले फोन घेऊ लागल्या. विमलताईंनीही घेतले. न बोलता रडणाऱ्यांचे, नुसते श्वास ऐकू येणारे. त्याही म्हणायच्या, ऐकू येतंय एवढं कळायला एकदा हुं म्हणा.

"चौदा महिने राहिले मी तिथे. शिवण तिथेच शिकले. मग शाळांचे गणवेश शिवायला लागले, खोली घेतली. इंदूबाई गेल्या, आप्पा गेले, गिरणी बंद पडली. आता तिथे गाड्यांचं चार्जिंग स्टेशन आहे. मी तिथून जाताना दर वेळी वर बघते. वर काही नाही, नुसतं आभाळ." त्यांनी डोळे पुसले. "माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस ते. कुणाला सांगता आलं नाही. गिरणीचं सांगायचं तर हाताचं सांगायला लागतं. दुःख लपवता लपवता सुखही लपवून बसले बघ."

रेहानाचा चहा गार झाला होता. जाताना तिने एक कागद पुढे ठेवला. सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं. अस्थिलेखाची नोंद मान्य की अमान्य? अमान्य म्हटलं तर नोंद पुसली जाणार होती, जणू ती कधी झालीच नव्हती.

"लेक येऊ दे," विमलताई म्हणाल्या.

हर्षदा तिसऱ्या दिवशी सकाळी आली. बॅग दारातच ठेवून आईसमोर जमिनीवर बसली. लहानपणी गणवेशांना काजं-बटणं करायला बसायची, तशी.

"घर सापडलं. रेल्वेतली जुनी माणसं आहेत अजून, त्यांनी दाखवलं. लताबाई नाव आहे त्यांचं. एकट्याच राहतात, मुलगा सुरतेला असतो. मी कोण ते सांगितलं नव्हतं. आगारातून पाहणीला आलेय म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'कपाळ त्यांचंच आहे. जेवून जा.'"

"जेवलीस?"

"नाही जेववलं." हर्षदाने आईचा डावा हात उचलून आपल्या हातात घेतला. "त्या भाकरी करत होत्या. भाकरी परतताना त्यांचा हात वळत नव्हता. डावाच. मी विचारलं, काय झालं हाताला? त्या म्हणाल्या, शिडीवरून पडले होते."

विमलताईंनी डोळे मिटले.

इतकी वर्षं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या की आपण सुटलो आणि गोष्ट संपली. आपल्या जागी कुणीतरी आलं आहे, हे त्यांना माहीत होतं. लग्नाची बातमी दोन वर्षांतच कानावर आली होती. तेव्हा त्या गिरणीवरच्या खोलीत फोन घ्यायला अधूनमधून जात. परक्या बायकांना धीर देत. पण भुसावळला, त्याच दारात, दुसरी बाई उभी होती आणि तिला एक पोस्टकार्डही त्यांनी कधी टाकलं नव्हतं. टाकलं तर आपला पत्ता कळेल ही भीती होती, ती खरीच होती. पण त्या माणसाला जाऊनही आता अठरा वर्षं झाली होती.

"मी तुझ्यावर अजून रागावलेय," हर्षदा म्हणाली. "तो राग लगेच जाणार नाही."

"नको जाऊ दे."

"पण तिथे बसल्यावर कळलं. आपण तिथेच राहिलो असतो तर..." तिने हात सोडला नाही.

त्याच दुपारी विमलताई केंद्रात गेल्या आणि रेहानाला म्हणाल्या, "मान्य, असं लिही. आणि खाली मी सांगते ते घाल." रेहाना लिहू लागली.

"माझा हात मोडला तेव्हा एका माणसाने तो वाचला आणि फक्त मला सांगितलं. त्याच दिवशी ते माझ्या नवऱ्याला कळलं असतं, तर हे लिहून द्यायला मी उरले नसते. म्हणून आधी तिला सांगा, एकटीला, दार लावून. मग थांबा. ती पाच महिने घेईल, पाच वर्षं घेईल. दुसऱ्या कुणाला सांगायचं ते तिच्या बोटाच्या ठशाशिवाय उघडू नका. पण तिला एकदा सांगून गप्पही बसू नका. दर खेपेला विचारा. मी एका बाईला विचारलं नाही."

हे निवेदन रेहानाने वर पाठवलं. उत्तर आलं नाही. मग तिने ते इतर केंद्रांवर मशीन चालवणाऱ्या मुलींना पाठवलं. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींकडे साक्री रोडच्या मुलीसारखी एकेक आठवण होती, आणि त्यांनी ती आपापल्या शब्दांत लिहून त्याखाली जोडली. नियम बदलायला पुढे सव्वा वर्ष गेलं. आता तपासणीचा निकाल त्या खोलीतच, त्या बाईच्याच बोटाच्या ठशाने उघडतो. साक्री रोडच्या मुलीचा पत्ता मात्र रेहानाला लागला नाही. ती अजून विचारत असते.

हे सगळं नंतरचं. निवेदन दिल्यावर चार दिवसांनी, रविवारी, हर्षदा आईला घेऊन भुसावळला गेली.

लताबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. सहासष्ट-सदुसष्टीच्या, किडकिडीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी हर्षदाकडे पाहिलं, मग तिच्या मागून सावकाश पायऱ्या चढणाऱ्या बाईकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"या व ताई," त्या म्हणाल्या. "फार उशीर केला."

दोघी समोरासमोर बसल्या. हर्षदाने स्वतःच आत जाऊन पाणी आणलं.

"मी तुम्हाला खूप शिव्या दिल्या," लताबाई म्हणाल्या. "सव्वीस-सत्तावीस वर्षं. तुम्ही पळालात म्हणून मला आणलं, असं वाटायचं. ते गेल्यावर शिव्या देणं बंद झालं. मग नुसतं वाटायचं, ती गेली कुठे? कशी गेली? तिला रस्ता कुणी दाखवला? मला का नाही कुणी दाखवला?"

"मी दाखवायला हवा होता."

"हो," लताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. जे आहे ते त्यांनी म्हटलं. "हवा होता."

विमलताईंनी ते ऐकून घेतलं. माझी अडचण होती, मला भीती होती, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या. लताबाईंनी त्यांना रडू दिलं. मग पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"आता सांगा," लताबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"तुम्ही गेलात कुठे, ते. पहिल्यापासून. गाडी कितीची होती, उतरल्यावर कोण होतं, रात्री जेवलात काय. मला सगळं ऐकायचंय. मी किती वेळा मनातल्या मनात त्या गाडीत बसलेय, तुम्हाला काय सांगू? पण पुढे काय होतं ते मला माहीतच नव्हतं. भुसावळचं स्टँड गेलं की माझी गाडी थांबायची."

मग विमलताई सांगू लागल्या. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला, हात हलू लागले. लताबाई मधे मधे अडवून विचारायच्या. अकरा बायकांत न्हाणीघर एकच? भांडण झालं की कोण सोडवायचं? हर्षदा उंबऱ्यात बसून आपलंच लहानपण पहिल्यांदा ऐकत होती. मिरच्या दळायला आल्या की सगळ्या कशा शिंकायच्या, ते विमलताईंनी करून दाखवलं तेव्हा लताबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

जेवणं झाली. चार वाजले. हर्षदाला दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती. "आई, निघू या," ती म्हणाली.

विमलताईंनी लताबाईंकडे पाहिलं. लताबाई आत जाऊन एक धुतलेली चादर आणि उशी घेऊन आल्या आणि दिवाणावर ठेवल्या.

हर्षदा एकटीच परतली. दोन दिवसांनी तिने आगारातून फोन केला. "आई, कधी येतेस? गाडी पाठवू?"

पलीकडे थाळीवर भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी विचारत होतं, मग त्या साक्रीच्या बाईचं पुढे काय झालं?

"इतक्यात नको," विमलताई म्हणाल्या. "अजून सांगून झालं नाही."